शंभर लोकांचा युरोप

युरोपातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? सामान्यज्ञानाच्या पुस्तकात उत्तर छापलेलं असतं: एल्ब्रुस, रशियातल्या कॉकेशस पर्वतात, उंची ५६४२ मीटर. हाच प्रश्न रस्त्यावरच्या माणसांना विचारला, तर ज्यांना काही सुचेल ते बहुधा 'माँ ब्लां' म्हणतील, नाहीतर नुसतंच 'आल्प्स' म्हणून मोकळे होतील. शाळेच्या प्रश्नमंजूषेत या उत्तराला शून्य. पण खेळांची एक जात अशी आहे, की तिथे एल्ब्रुस म्हणणारा विद्वान हात हलवत परत जातो आणि गुण 'माँ ब्लां' म्हणणाऱ्याच्या पदरात पडतात.

खेळ अगदी सोपा. आधी शंभर लोकांना एक साधा प्रश्न विचारून ठेवायचा. 'युरोपातली एखादी नदी सांगा', 'युरोपात फिरायला जायचं तर कुठे जाल?' असा. आलेली उत्तरं मोजायची, एकसारखी एकत्र करायची, जास्त मतांपासून कमी मतांपर्यंत लावायची आणि झाकून ठेवायची. खेळणाऱ्यांनी ती ओळखायची. समजा तीस जणांनी 'डॅन्यूब' म्हटलं असेल, तर डॅन्यूबला तीस गुण. कोणालाच न सुचलेलं उत्तर कितीही अचूक असो, ते फलकावर नाही म्हणजे नाही.

आपल्याकडे पाठांतराच्या जोरावर जिंकायच्या स्पर्धा भरपूर. हा खेळ पाठांतराला विचारत नाही. समोरचा माणूस काय बोलेल हे ज्याला कळतं, त्याचा हा खेळ. आणि त्यासाठी युरोपासारखा विषय दुसरा सापडणं अवघड. का, ते पुढे येईलच.

अमेरिकेतून विलायतेत

खेळाचा जन्म टीव्हीवरचा. १२ जुलै १९७६ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 'फॅमिली फ्यूड' सुरू झाला. निर्माते होते मार्क गुडसन आणि बिल टॉडमन ही त्या काळातली नामांकित जोडी. त्यांच्याच 'मॅच गेम' या आधीच्या कार्यक्रमात शेवटी एक फेरी असायची. एक अर्धवट वाक्य प्रेक्षकांना आधीच पुरं करायला दिलेलं असे, आणि सर्वांत जास्त प्रेक्षकांनी कोणता शब्द भरला हे स्पर्धकाने ओळखायचं. ती फेरी इतकी रंगायची, की तिच्यातून एक अख्खा कार्यक्रम उभा राहिला. सूत्रसंचालक म्हणून निवडला गेला 'मॅच गेम'च्याच पाहुण्यांमधला रिचर्ड डॉसन. हा मूळचा इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टचा. म्हणजे खेळ अमेरिकन, पण त्याला चेहरा मिळाला तो इंग्रजाचा.

जानेवारी १९८० मध्ये हा खेळ इंग्लंडमध्ये आयटीव्हीवर 'फॅमिली फॉर्च्युन्स' या नावाने आला. बॉब मंकहाउस हा विनोदवीर तो चालवायचा. दोन कुटुंबं समोरासमोर, प्रत्येकी पाच माणसं. मागे एक अजस्र फलक. चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या नावावरून त्या फलकाचं नाव 'मिस्टर बॅबेज' ठेवलं होतं. उत्तर बरोबर निघालं, की काळ्या फलकावर पिवळसर अक्षरं खडखडत उमटायची. चुकलं, की घसा बसल्यासारखा एक भसाडा आवाज यायचा आणि फलकावर भलीमोठी फुली पडायची. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणासमोरही तो आवाज तोंडाने काढून बघा, हसू हमखास.

शेवटच्या फेरीत एकाच कुटुंबातले दोघं खेळत. पहिल्याने पंधरा सेकंदांत पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या कानावर हेडफोन. मग त्याची पाळी. त्याला पाच सेकंद जास्त, कारण पहिल्याने दिलेलं उत्तर पुन्हा देता येत नाही. दोघांचे मिळून दोनशे गुण झाले, की मोठं बक्षीस. या फेरीत भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. ऐंशीच्या दशकात मॅक्स बायग्रेव्ज सूत्रसंचालक असताना एका स्पर्धकाला विचारलं, 'समुद्रकिनाऱ्यावर जाताना लोक काय बरोबर नेतात?' तो म्हणाला, 'टर्की.' पुढचा प्रश्न, 'सुपरमार्केटमध्ये गेल्यावर सगळ्यांत आधी काय घेता?' पुन्हा, 'टर्की.' त्यापुढचा, 'सारण भरून काय शिजवतात?' तिसऱ्यांदा, 'टर्की.' यावेळी मात्र गुण मिळाले. ती चित्रफीत ब्रिटिश टीव्हीच्या गमतीजमतींत अजून दाखवली जाते. माणूस मूर्ख नव्हता. घड्याळ समोर असलं, की डोक्यात पहिल्यांदा जे येतं तेच तोंडातून बाहेर पडतं. गंमत अशी, की ज्या शंभर लोकांना विचारलेलं असतं, त्यांचंही तसंच झालेलं असतं. हा अख्खा खेळ त्या पहिल्या क्षणाचा आहे.

पडद्यामागचं काम मात्र किचकट. 'आयफेल', 'आयफेल टॉवर', 'पॅरिसचा तो मनोरा' ही तीन उत्तरं एकच धरायची की वेगळी? 'आल्प्स' आणि 'स्वित्झर्लंडचे डोंगर' एकत्र करायचे का? एकच मत मिळालेलं उत्तर फलकावर घेत नाहीत, निदान दोन तरी लागतात. प्रश्नही असा हवा, की उत्तरं पाच-सहा ठिकाणी विभागली जातील. 'फ्रान्सची राजधानी कोणती?' हा प्रश्न इथे बाद, कारण सगळी मतं एकाच जागी पडतील. 'फ्रान्स म्हटलं की काय आठवतं?' हा चांगला प्रश्न.

कुठले शंभर?

नेदरलँड्समध्ये हा खेळ ऐंशीच्या दशकातच पोहोचला, फ्रान्समध्ये १९९० साली 'युन फामीय आन ऑर' नावाने, जर्मनीत १९९२ साली 'फामिलियन डुएल' नावाने. रशियात तो १९९५ पासून 'स्तो क अद्नामू', म्हणजे 'शंभरास एक', या नावाने चालला. पोलंडमध्ये १९९४ च्या सप्टेंबरात 'फामिल्यादा' सुरू झालं. कम्युनिस्ट राजवट जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. सूत्रसंचालक कारोल स्ट्रासबुर्गर हा सिनेमातला देखणा नट. १९७५ च्या एका गाजलेल्या चित्रपटात पांढऱ्या सुटात तळ्यात उतरून नायिकेसाठी कमळं तोडणारा तरुण म्हणून पोलंडला तो पाठ होता. 'फामिल्यादा'त तो दर भागाच्या सुरुवातीला एक फिकट विनोद सांगायचा. लोक त्या विनोदांना नावं ठेवत आणि ते ऐकायला आवर्जून टीव्हीही लावत.

खेळ तोच, नियम तेच. बदलतात ते शंभर लोक. 'सुट्टीत कुठे जाल?' असं ब्रिटिश माणसाला विचारलं, की स्पेन पुढे येणारच, कारण परदेशी सुट्टीला ब्रिटिश लोक सर्वांत जास्त तिथेच जातात. जर्मनांना विचारलं तर मायोर्का. हे बेट स्पेनचं, पण तिथे जर्मन पर्यटकांची एवढी गर्दी, की जर्मनीत त्याला चेष्टेने 'सतरावं राज्य' म्हणतात. (खरी राज्यं सोळा.) आणि हाच प्रश्न पुण्यात, नाशकात किंवा सांगलीत विचारला तर? उत्तर तुम्ही आत्ता मनात म्हटलंच असेल: स्वित्झर्लंड.

म्हणजे युरोपाचा जनमानसातला असा एक नकाशा नाहीच. जितके शंभर, तितके नकाशे. या खेळात उतरणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: हे शंभर लोक कुठले?

दुसऱ्याच्या डोक्यात शिरण्याचं गणित

या खेळाच्या मुळाशी जे कोडं आहे, त्याकडे अर्थशास्त्रज्ञांचं लक्ष टीव्हीच्या कितीतरी आधी गेलं होतं. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शेअर बाजाराची तुलना वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेशी केली आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडायचे. ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या एकूण पसंतीशी सर्वांत जास्त जुळेल, त्याला बक्षीस. अशा वेळी शहाणा माणूस स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल, हेही त्याला पुरत नाही. इतर लोक इतरांबद्दल काय अंदाज बांधतील, याचा अंदाज तो बांधतो. केन्स म्हणतात, काही जण तर त्याच्याही पुढच्या पायऱ्या चढतात.

डेन्मार्कच्या 'पोलिटिकेन' या दैनिकाने २००५ मध्ये वाचकांवर याच जातीचा एक प्रयोग केला. शून्य ते शंभरमधला कोणताही आकडा पाठवा. सर्व आकड्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याला पाच हजार क्रोनर. भाग घेतला १९,१९६ लोकांनी. निव्वळ तर्काने चाललं तर पायरी पायरीने खाली उतरत उत्तर शून्यावर येतं. जिंकणारा आकडा निघाला २१.६. तर्कशुद्ध शून्य पाठवणारे हरले आणि विचारच न करणारेही हरले. जिंकला तो ज्याने ओळखलं, की बाकीचे एक-दोन पायऱ्या चढतील आणि थांबतील.

थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या सुमारास हीच गोष्ट वेगळ्या बाजूने मांडली. न्यूयॉर्कमध्ये दोघांना भेटायचंय, पण जागा ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही आणि निरोप द्यायची सोय नाही. कुठे जाल? बऱ्याच जणांनी उत्तर दिलं: ग्रँड सेंट्रल स्टेशन, दुपारी बारा वाजता. ती जागा सर्वांत चांगली आहे म्हणून नाही. दुसऱ्यालाही तीच सुचेल म्हणून. पुण्यात दोघं चुकले तर कुठे गाठ पडेल, हे पुणेकरांना सांगायला नको.

युरोपाच्या प्रश्नांत अशा ठरलेल्या जागा ठासून भरलेल्या आहेत. मनोरा म्हटला की आयफेल, घड्याळ म्हटलं की बिग बेन, बर्फ म्हटला की आल्प्स. या खेळात त्याच शोधायच्या असतात.

प्रसिद्ध आणि खरं

खरं उत्तर मागे पडून प्रसिद्ध उत्तर पुढे का येतं, हे एकेक उदाहरण घेऊन बघण्यासारखं आहे. प्रत्येकाचं कारण वेगळं.

नदी घ्या. युरोपातली सर्वांत लांब नदी व्होल्गा, सुमारे ३५३० किलोमीटर. डॅन्यूब सुमारे २८५०. पण व्होल्गा उगमापासून कॅस्पियन समुद्रापर्यंत एकट्या रशियातून वाहते. डॅन्यूब दहा देशांतून जाते आणि व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड अशा चार राजधान्या तिच्या काठावर आहेत. त्यातून योहान स्ट्राउसने निळ्या डॅन्यूबवर रचलेला जो वॉल्ट्झ १८६७ मध्ये पहिल्यांदा वाजला, तो व्हिएन्नाच्या नववर्षाच्या मैफलीत दरवर्षी वाजतो. लांबीत हरलेली नदी नावात जिंकली.

राजधानी घ्या. स्वित्झर्लंडची राजधानी विचारली, की झुरिक आणि जिनिव्हा यांच्यात चुरस लागते. झुरिकमध्ये बँका, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं. रोजच्या बातम्यांत हीच दोन नावं. सरकार मात्र बर्नमध्ये बसतं. १८४८ मध्ये तिथल्या संसदेने बर्नला 'संघीय शहर' म्हणून निवडलं, आणि राज्यघटनेत राजधानी असं कोणत्याच शहराला म्हटलेलं नाही. नेदरलँड्सची तऱ्हा उलटी. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम हे उत्तर लोकही देतात आणि घटनाही देते, पण संसद, सरकार आणि राजाचं कार्यालय हेगमध्ये. तुर्कस्तानची राजधानी १९२३ पासून अंकारा. तरी इस्तंबूल म्हणणारे कमी होत नाहीत, कारण शतकानुशतकं सत्ता तिथेच होती.

आता पुन्हा शिखराकडे. एल्ब्रुस हे 'बरोबर' उत्तर कुठून आलं? युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही. जमीन सलग. सीमा माणसांनी आखली. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबेर्ग हा स्वीडिश लष्करी अधिकारी रशियात बरीच वर्षं युद्धकैदी होता. त्याने १७३० मध्ये सीमा उरल पर्वतावरून नेली आणि रशियन राज्यकर्त्यांना ती सोयीची वाटली. कॉकेशसकडे तर एकमत कधीच नव्हतं. सीमा पर्वताच्या माथ्यावरून धरली, तर एल्ब्रुस युरोपात. त्याच्या उत्तरेकडच्या सखल खोऱ्यातून धरली, तर एल्ब्रुस आशियात आणि माँ ब्लां पहिला. म्हणजे पुस्तकातलं उत्तरसुद्धा शेवटी मतांनीच ठरलेलं. फरक इतकाच, की मतं देणारे भूगोलाचे प्राध्यापक होते.

युरोपात देश किती, या प्रश्नाचंही तेच. संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक यादीप्रमाणे व्हॅटिकन धरून ४४. काउन्सिल ऑफ युरोपचे सदस्य ४६, कारण त्यात तुर्कस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान, सायप्रस येतात आणि युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे मार्च २०२२ मध्ये बाहेर काढलेला रशिया येत नाही. युरोपियन युनियनचे २७. युरोपच्या फुटबॉल महासंघात ५५ सदस्य, त्यांत कझाकस्तान आणि इस्राएलही. ज्या खंडाच्या कडा आणि देशांची संख्या विचारणाऱ्यागणिक बदलते, त्याच्याबद्दल 'लोक काय म्हणतात?' हा प्रश्न मुळीच हलका नाही. तो त्या खंडाला साजेसाच आहे.

आपला युरोप

मराठी माणसाचा युरोप बनला कशाचा? एका पिढीचा 'अपूर्वाई'चा. पु. ल. देशपांडे यांचं ते प्रवासवर्णन १९६० चं, आणि त्यातलं लंडन-पॅरिस न पाहताच घरोघरी ओळखीचं झालं. त्यानंतरच्या पिढीचा यश चोप्रांच्या सिनेमांचा. १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला आणि स्वित्झर्लंड हे मधुचंद्राचं दुसरं नाव झालं. स्विस लोक या उपकाराला जागले. इंटरलाकेन गावात २०१६ पासून यश चोप्रांचा पुतळा उभा आहे. ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखच्या स्थानकात भारतीय जेवण मिळतं. आणि आत्ताच्या पिढीचा युरोप हा सहल कंपनीच्या माहितीपत्रकातला, आठ-दहा दिवसांत पाच-सहा देश उरकणारा.

हा युरोप खेळात कसा उतरतो, ते एका नातेवाइकांच्या घरी दिवाळीत पाहायला मिळालं. घरातल्या मुलांनी आधीच पाहणी उरकून ठेवली होती. सकाळी फिरायला येणारे आजोबा, इस्त्रीवाले, किराणा दुकानदार, वॉचमनकाका, भिशीच्या बायका, कोणाला सोडलं नव्हतं. वहीच्या पाठकोऱ्या पानांवर उभ्या रेघा मारून मतं मोजलेली. एका बाजूला म्युनिकमध्ये नोकरी करून आलेला निखिल, दुसऱ्या बाजूला सुमनआत्या, जिची लांबात लांब सहल दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत.

प्रश्न आला: युरोप म्हटलं की कोणता खायचा पदार्थ आठवतो?

निखिलने थोडा विचार करून 'ब्रेत्सेल' म्हटलं. फुली.

"चॉकलेट," आत्या म्हणाली. फलकावर पहिल्या क्रमांकाला.

"आत्या, चॉकलेट काय, जगात कुठेही मिळतं!"

"मिळू दे की. पण तिकडून आलेला प्रत्येक जण आपल्या हातावर काय ठेवतो? तूच काय आणलंस?"

यावर निखिलकडे उत्तर नव्हतं, कारण त्याची चॉकलेटं त्या क्षणी सगळ्यांच्या तोंडात होती. पुढचा प्रश्न युरोपातल्या नदीचा. निखिलने 'ऱ्हाईन' म्हटलं, ते फलकावर होतं, पण खालच्या ओळीत. आत्याने जरा डोळे मिटले. "थेम्स. शाळेत लंडन थेम्सच्या काठी वसलंय हे घोकून घेतलंय सगळ्यांकडून." थेम्स पहिली निघाली. डॅन्यूब दुसरीसुद्धा नव्हती. इंग्रजी राजवट गेली, पण भूगोलाच्या पुस्तकातून तिने जे पेरलं ते उगवतंच आहे.

तिसरा प्रश्न थोडा वेगळा होता: युरोपातला एखादा देश सांगा, जो आता नकाशावर नाही. हा प्रश्न कुणी घातला त्याला दाद द्यायला हवी. 'युगोस्लाव्हिया' आणि 'सोव्हिएत रशिया' ही उत्तरं आजोबा मंडळींच्या गटातून धडाधड आली होती. पंडित नेहरू आणि मार्शल टिटो यांचे हातात हात घेतलेले फोटो ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिले, त्यांना युगोस्लाव्हिया विसरता येत नाही. निखिलच्या वयाच्या मुलांना मात्र 'चेकोस्लोव्हाकिया' आठवला, तोही कुठल्यातरी जुन्या टेनिस खेळाडूच्या नावापुढे कधीतरी वाचलेला. १ जानेवारी १९९३ रोजी त्याचे दोन देश झाले, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती.

आत्या जिंकली. तिला युरोपाची माहिती जास्त नव्हती, पण इस्त्रीवाल्यांपासून भिशीपर्यंत सगळ्यांशी ती रोज बोलते.

जे कुणालाच सुचत नाही

या खेळाला पुढे एक उलटा भाऊ झाला. २४ ऑगस्ट २००९ रोजी बीबीसीवर 'पॉइंटलेस' सुरू झाला. इथेही शंभर लोकांना आधी विचारलेलं असतं, फक्त त्यांना शंभर सेकंद मिळतात आणि सुचतील तितकी उत्तरं देता येतात. स्पर्धकाने मात्र बरोबर असेल, पण कमीत कमी लोकांना सुचलं असेल, असं उत्तर द्यायचं. कुणालाच न सुचलेलं बरोबर उत्तर म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे सोनं. चुकलात तर थेट शंभर गुण, म्हणजे बहुधा घरी.

सूत्रसंचालक अलेक्झांडर आर्मस्ट्राँग. शेजारच्या टेबलावर माहितीचा कारभार रिचर्ड ऑस्मनकडे. दोघं केंब्रिजपासूनचे मित्र. ऑस्मन खरा निर्मिती कंपनीत पडद्यामागे काम करणारा. वाहिनीला खेळ दाखवायचा होता, तेव्हा सहकाऱ्याची जागा त्याने तात्पुरती भरली. बीबीसीवाले म्हणाले, हाच पाहिजे. पुढे तो ब्रिटनमधल्या घराघरांत पोहोचला. २०२० मध्ये त्याची पहिली रहस्यकथा आली, ती तुफान खपली, आणि २०२२ मध्ये लेखनासाठी त्याने रोजचा कार्यक्रम सोडला.

'पॉइंटलेस'मध्ये देशांचे प्रश्न वारंवार येतात, आणि त्यामुळे ऑस्मनचं एक वाक्य प्रेक्षकांना पाठ झालं: देश म्हणजे स्वतःच्या हक्काने संयुक्त राष्ट्रांचा सदस्य असलेलं सार्वभौम राष्ट्र. या एका नियमाने युरोपाच्या फेरीत मोठे खड्डे पडतात. चलाख स्पर्धक विचार करतो, सर्वांत छोटा देश कुणाच्या लक्षात असणार? व्हॅटिकन म्हणू या. शंभर गुण! व्हॅटिकन संयुक्त राष्ट्रांत निरीक्षक आहे, सदस्य नाही. २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेला कोसोव्होही सदस्य नाही. स्कॉटलंड आणि वेल्स नाहीतच. पण लिख्टनस्टाईन, सान मारिनो, अँडोरा, मोनॅको सदस्य आहेत, ते चालतात. २००६ मध्ये वेगळा झालेला माँटेनेग्रो चालतो. मोल्दोव्हा चालतो.

फ्रान्स आणि जर्मनीनेही हा उलटा खेळ करून पाहिला. फ्रेंच नावाचा अर्थ 'हे कुणालाच सुचलं नव्हतं', जर्मन नावाचा 'शून्य जिंकतं'. पण तिथे तो ब्रिटनसारखा रुजला नाही. सुलट खेळात लोकांच्या गर्दीत मिसळायचं, उलट्या खेळात गर्दी कुठे आहे ते ओळखून बाजूला व्हायचं. दोन्हीसाठी गर्दी ठाऊक असावीच लागते. आणि गर्दी जागा बदलतही असते. युक्रेनमधल्या कीव्हचं नाव एकेकाळी फार थोड्यांना सुचलं असतं. २०२२ पासूनच्या युद्धाने ते जगाच्या तोंडी बसवलं. कोणतं शहर प्रसिद्ध व्हावं, हे तोफाही ठरवतात.

बहुमत किती शहाणं?

'बहुमताचं ते खरं' असं हा खेळ म्हणत नाही, पण बहुमताची परीक्षा दुसऱ्या एका खेळाने घेतली आहे. 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये आला. त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणजे जुलै २००० मधलं 'कौन बनेगा करोडपती', आणि पुढे २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी चालवलेलं मराठी 'कोण होईल मराठी करोडपती'. त्यातली प्रेक्षकांना विचारायची जीवनरेखा सर्वांना ठाऊक आहे. जेम्स सुरोविएकी यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकन कार्यक्रमाचा हिशेब दिला आहे: फोनवरचा जाणकार मित्र सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर, स्टुडिओतले प्रेक्षक ९१ टक्के वेळा.

पण याच कार्यक्रमाच्या फ्रेंच आवृत्तीतली एक चित्रफीत अजून फिरत असते. प्रश्न होता, पृथ्वीभोवती काय फिरतं? पर्याय चंद्र, सूर्य, मंगळ, शुक्र. स्पर्धक गोंधळला आणि प्रेक्षकांकडे वळला. ५६ टक्के प्रेक्षकांनी बटण दाबलं ते 'सूर्या'वर. त्याने बहुमत मानलं आणि तो बाद झाला. कोपर्निकसचा ग्रंथ निघाला १५४३ मध्ये, याच खंडात. इतक्या सोप्या प्रश्नावर अडणाऱ्याला अद्दल घडवायला प्रेक्षकांनी मुद्दाम तसं केलं, असंही म्हटलं जातं. तसं असेल तर बहुमत अडाणी नव्हतं, खट्याळ होतं. दोन्हीतलं कुठलं वाईट, ते वाचकांनीच ठरवावं.

यातून धडा एवढाच घ्यायचा: लोक काय म्हणतात आणि खरं काय, ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्ही सांभाळावीत, पण एकातली रक्कम दुसऱ्यात जमा करू नये. हा खेळ फसवत नाही, कारण तो पहिल्यापासून सांगतो की मी फक्त पहिलं खातं तपासतो. निवडणुकीच्या भाकितांपासून जाहिरातीपर्यंत बाकी बरीच मंडळी इतकी प्रामाणिक नसतात.

घरी खेळायचं तर

साहित्य: एक वही, एक पेन, वाटल्यास स्टीलची थाळी आणि चमचा. चुकीच्या उत्तराला वाजवायला तो पुरतो.

शंभर माणसं जमली नाहीत तर पन्नासही चालतात, गुण दुप्पट धरा. विचारताना प्रत्येकाला पाच सेकंदांहून जास्त वेळ देऊ नका. विचार करून दिलेलं उत्तर या खेळात नासकं. सगळे एकाच वयाचे किंवा एकाच ऑफिसातले घेऊ नका, नाहीतर फलकावर तुमचं ऑफिसच उतरेल. उत्तरं एकत्र करताना भांडणं होतात, तेव्हा निवाडा करायला एक वडीलधारं माणूस आधीच नेमून ठेवा. एकेक मत मिळालेली उत्तरं गाळा, पण फेकू नका. उलटा खेळ खेळताना तीच कामाला येतात.

प्रश्न हे घ्या: युरोपातून येताना काय आणाल? युरोपातला एखादा राजा किंवा राणी? युरोपातला खेळाडू? युरोपात शोध लागलेली एखादी वस्तू? आल्प्समध्ये चित्रीत झालेलं एखादं हिंदी गाणं? शेवटच्या प्रश्नावर तीन पिढ्या तीन वेगळी उत्तरं देतील आणि तिथेच खरा खेळ रंगेल.

प्रत्येक फेरीनंतर नकाशा उघडून खरं उत्तरही मुलांना सांगा: व्होल्गा, बर्न, अंकारा, आणि एल्ब्रुसचं भांडण. एक पथ्य मात्र पाळा. फोनवरून तयार पाहणी उचलू नका. आपल्या गल्लीतल्या माणसांना स्वतः जाऊन विचारा. युरोपावर बोलायला युरोपात जाऊन यावं लागत नाही, शंभर माणसांना गाठावं लागतं, आणि फराळाला येणारे-जाणारे मोजले तर दिवाळीत तेवढी सहज भेटतात.